बागेतील परदेशी वृक्ष : लेखांक नववा – बेडकाच्या हाताचे झाड

गेल्या लेखांकाच्या अखेरीस पानगळीच्या वृक्षांकडे वळण्याचे वचन दिले होते. त्यास अनुसरून आज जपानी मेपलची ओळख करून घ्यावयाची आहे. जपानात या वृक्षास ‘काएदे’ म्हणतात, आणि हा शब्द ‘बेडकाचा हात’ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचे झिजलेले रूप आहे, हे ठाऊक झाल्यावर पाच-सात बोटांचे ते पान न्याहाळणारास नाव ठेवणाऱ्याच्या दृष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नागासाकीच्या डच वखारीत वैद्य म्हणून राहिलेल्या थुनबेर्ग या स्वीडिश पंडिताने १७८४ साली त्याचे शास्त्रीय नाव मुक्रर केले, तेव्हा त्याला मात्र तेथे माणसाचा तळहात दिसला. मला बेडूकच अधिक पटतो.

क्योतोच्या तोफुकुजी मठात, त्सूतेन्क्यो नावाच्या लाकडी पुलावरून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात खालची घळ या पानांनी पेटलेली पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. हा रंग मुळात थंडीचा. दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार झाल्या, की पानातील हरितद्रव्य विरते, देठाशी पडदा धरू लागतो, पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे तांबडे द्रव्य तयार होते आणि मग पान गळते. पुढे झाडास काही महिन्यांची थंड निद्रा लागते. ही निद्रा दख्खनच्या हिवाळ्यात मिळण्याजोगी नसल्यामुळे, पुण्याच्या अंगणासाठी या रोपाची चौकशी करणाऱ्या वाचकांची निराशा करणे मला भाग आहे.

परंतु आपली माणसे जेथे जाऊन स्थायिक झाली, त्या न्यू जर्सीसारख्या मुलखात ते उत्तम वाढते. माझ्या भाचीने तेथे बारीक चिरलेल्या पानांचे, छत्रीसारखे लवणारे तांबडे मेपल हौसेने लावले आणि माहेरच्या शिरस्त्याप्रमाणे त्याभोवती खोलगट आळे केले. आंब्या-चिकूस जे आळे वरदान, तेच येथे घातक. या झाडाची मुळे बारीक आणि पृष्ठभागालगत पसरणारी असल्याने त्यांना ओल हवी, परंतु तुंबलेले पाणी साहत नाही. म्हणून खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद, परंतु खोलीस हुंडीइतकाच घ्यावा, आणि खोड जेथे रुंदावून मुळांस मिळते तो भाग जमिनीबरोबर, चिकण मातीत तर बोट-दोन बोटे वरच राहील असा बंदोबस्त करावा. माती किंचित आम्लधर्मी असली की पुरे.

दुसरी चूक शेजाऱ्यांचे पाहून झाली. सालींच्या तुकड्यांचे आच्छादन हवेच, पण तिने ते खोडाभोवती वारुळासारखे रचले होते. मी गेलो तेव्हा दोघांनी मिळून तो ढीग हातांनी उकरला. आतील खोडाची साल ओलसर, काळवंडलेली होती. तिच्यातून नवी मुळे फुटून एक करंगळीएवढे मूळ खोडास फासासारखे वळसा घालून बसले होते. ते कापून काढले, आच्छादन वीतभर दूर सारले आणि आळे बुजविले.

पानांच्या कडा जुलैत तपकिरी होऊन कुरळतात, त्यास लोक रोग समजून औषधे फवारतात. बहुधा ते उन्हाचे आणि कोरड्या वाऱ्याचे काम असते : पातळ पानांतून पाणी उडते त्या वेगाने उथळ मुळे ते पुरवू शकत नाहीत. सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर दिलेले पाणी, एवढा उपाय बहुतेकदा पुरतो. खताची घाई तर मुळीच करू नये.

परवा भाचीचे पत्र आले. झाडाने बाळसे धरले असून बुंध्याजवळून एक सरळसोट, हिरव्यागार रुंद पानांचा फुटवा हातभर वर गेला आहे, असे तिने मोठ्या आनंदाने कळविले आहे. चिरलेल्या पानांची ही झाडे साध्या मेपलच्या खुंटावर कलम केलेली असतात. आनंदाचा विषय झालेला तो फुटवा त्या खुंटाचाच असून, तसाच राहू दिला तर दोन-चार वर्षांत तांबड्या झाडाचा कब्जा घेईल. तो कलमाच्या गाठीखाली, अगदी मुळाशी कापून टाक, असे उत्तर मी लिहून ठेवले आहे. टपालात टाकायचे तेवढे राहिले आहे.