घरगुती यंत्राची मोटर आणि तिचा चालक

संगणकाच्या आज्ञेप्रमाणें हत्यार फिरवून लांकडावर नक्षी कोरणारें यंत्र, म्हणजे ज्याला सी. एन. सी. यंत्र म्हणतात तें, एके काळीं केवळ मोठ्या कारखान्यांतच दिसे. आतां तें घराच्या पडवींतहि जुळवितां येतें. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्यानें तेथें २००२ सालीं ‘फॅब लॅब’ उभी राहिली, आणि संगणकानें चालणारीं हत्यारें खेड्यांतील मुलांच्या हातीं आलीं.

उरणच्या एखाद्या हौशी गृहस्थाच्या मनांत असें यंत्र जुळवावयाचें आलें, तर तो मोरा बंदरावरून लाँचनें भाऊच्या धक्क्यावर उतरेल, किंवा जानेवारी २०२४ मध्यें उरणपर्यंत पोहोंचलेल्या लोकल गाडीनें निघेल, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सामान पाहूं लागेल. तेथें मोटर निवडतांना त्याला फारशी अडचण पडत नाहीं. अडचण पडते ती मोटरीचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, निवडतांना. किंमत आणि वर छापलेला अँपिअरचा आंकडा एवढेंच पाहून जो तो घेतो, आणि पुढें सागवानाची फळी वायां गेली म्हणजे कपाळाला हात लावतो.

असें कां होतें, हें समजण्यासाठीं प्रथम मोटरीचा स्वभाव पाहिला पाहिजे. या यंत्रांतील स्टेपर मोटर पंख्याच्या मोटरीप्रमाणें सलग फिरत नाहीं. ती पायरी-पायरीनें फिरते. नेहमींच्या मोटरींत एका फेऱ्यास २०० पायऱ्या असतात, म्हणजे एक पायरी १.८ अंशांची. संगणक जितके स्पंद पाठवील तितक्या पायऱ्या तिनें चढाव्या, अशी योजना असते. परंतु ती खरोखर चढली कीं नाहीं, हें साध्या यंत्रांत कोणीच विचारीत नाहीं. मध्येंच चार पायऱ्या चुकल्या, तरी संगणक आपला पुढची रेघ ओढीतच राहतो, आणि त्यापुढचें सर्व काम तेवढ्यानें सरकतें. चुकणारी मोटर तक्रार करीत नाहीं, हाच तिचा मोठा दोष आहे. म्हणून पायरी चुकूं न देणें ही सारी जबाबदारी चालकावर व त्याच्या विद्युत्पुरवठ्यावर येऊन पडते.

मोटरीच्या आंत तारेचीं वेटोळीं असतात. त्यांत प्रवाह एकदम शिरत नाहीं. जड जातें प्रथम हलवावयाला मोठा रेटा लागतो, पण एकदां फिरूं लागल्यावर थोडक्या जोरानें तें फिरत राहतें. वेटोळ्याचें वागणें अगदीं तसेंच आहे. या जडपणाला इंडक्टन्स म्हणतात आणि तो मिलिहेन्रींत मोजतात. येथें रेटा म्हणजे व्होल्ट. समजा, एका मोटरीला २.८ अँपिअर प्रवाह लागतो आणि वेटोळ्याचा रोध ०.९ ओहम आहे. गुणाकार केला तर २.५२ व्होल्ट पुरेसे वाटतात. स्थिर उभें राहावयाला ते पुरतात, परंतु वेगानें फिरतांना प्रवाह भरण्यापूर्वींच पुढची पायरी येऊन ठेपते आणि मोटरीचा जोर ओसरतो. चांगला चालक आरंभीं पुष्कळ व्होल्टांचा रेटा देतो, आणि प्रवाह ठरल्या मापावर पोहोंचतांच तो क्षणोक्षणीं तोडून व जोडून कायम राखतो.

किती व्होल्ट द्यावे याचा एक व्यवहारी ठोकताळा आहे: मिलिहेन्रींचें वर्गमूळ काढून त्यास ३२ नें गुणावें. इंडक्टन्स २.२५ असेल तर वर्गमूळ १.५ आणि मर्यादा ४८ व्होल्ट. व्यवहारांत ३६ व्होल्टांचा पुरवठा ठीक. कारण थांबतांना मोटर कांहीं शक्ति उलट पाठविते, तिच्यासाठीं जागा राखावी लागते.

आतां चालकांकडे वळूं. ए-४९८८ ही लहान चकती ३५ व्होल्ट व फार तर २ अँपिअर सोसते, डी. आर. व्ही.-८८२५ ही ४५ व्होल्ट व चांगल्या थंडाव्यानें २.५ अँपिअर. वरील मोटरीला दोन्ही अपुऱ्या. डी. एम.-५४२ या जातीचा चालक ५० व्होल्ट व ४.२ अँपिअरपर्यंत जातो. मात्र हा आंकडा प्रवाहाच्या शिखराचा आहे. प्रत्यक्ष परिणामी प्रवाह त्याच्या सुमारें सात-दशांश, म्हणजे ३ अँपिअर. आपल्या मोटरीचे २.८ त्यांत बसतात.

एका पायरीचे सोळा किंवा बत्तीस भाग करण्याची सोयहि चालकांत असते. तिचा मोह आवरावा. सोळा भाग केले कीं एका सूक्ष्म पायरीमागें पूर्ण जोराच्या सुमारें एक-दशांशच जोर मिळतो. चाल गुळगुळीत होते, अचूकपणा त्या प्रमाणांत वाढत नाहीं. आठ भाग आणि एका फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू घेतला, तर एका मिलिमीटरला ३२० स्पंद होतात; घरगुती कामास तेवढें पुष्कळ.

उरणसारख्या समुद्रकांठच्या गांवीं आणखी एक गोष्ट विसरूं नये. खाऱ्या, दमट हवेनें स्क्रूवर गंज चढतो, घर्षण वाढतें, आणि उन्हाळ्यांत सुरळीत चाललेली मोटर पावसाळ्यांत पायऱ्या गाळूं लागते. म्हणून जोर नेमका पुरेल इतका न घेतां सढळ घ्यावा आणि स्क्रूला तेल देत जावें. तसेंच, वीज चालूं असतांना मोटरीची तार कधींहि काढूं नये. त्या एका चुकीनें चालक तत्क्षणीं जळूं शकतो.

आधीं यंत्राचें काम, मग मोटर, मग तिच्या वेटोळ्यावरून व्होल्ट व चालक, आणि सर्वांत शेवटीं किंमत, हाच खरेदीचा क्रम असावा. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. परंतु येथें अंथरूण म्हणजे खिसा नव्हे, मोटरीचें वेटोळें होय.