गेटवेवर फोटो काढायला निघण्याआधी

साखरपुडा झाला की हल्ली घराघरात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे प्री-वेडिंगचा. लग्नाआधी जोडीने एखाद्या ठिकाणी जाऊन फोटो काढायचे, व्हिडिओ करायचा आणि लग्नाच्या दिवशी तो मोठ्या पडद्यावर दाखवायचा. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया ही त्यासाठी मोठी मागणी असलेली जागा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेचा हिशेब मात्र असतो. आज आपण तोच मांडू.

आधी जागेची माहिती घेऊ. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 साली मुंबईला आले. त्या भेटीची आठवण म्हणून ही कमान बांधली गेली. 1913 साली पायाभरणी झाली आणि 4 डिसेंबर 1924 रोजी ती खुली झाली. कमान सुमारे 85 फूट उंच आहे. 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी इथूनच बोटीने परत गेली. गेटवे बघायला तिकीट लागत नाही. मोबाइलवर आपले आपण फोटो काढले तर त्याचा काहीच खर्च नाही.

मोठे कॅमेरे, स्टँड, दिवे घेऊन काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी. ही संरक्षित वास्तू आहे, तिथे पोलिसांचा पहारा असतो आणि सामानाची तपासणी होते. म्हणून फोटोग्राफरला आधीच विचारा, "परवानगी कोण काढणार? तिचा खर्च तुमच्या रकमेत धरला आहे का? कागद दाखवाल का?" परवानगीशिवाय ड्रोन उडवायला तर जाऊच नये. गावाहून एवढं लांब जाऊन शिपायाने परत पाठवलं, तर गाडीभाडं वाया आणि दिवसही वाया.

वेळ कोणती निवडावी? गेटवेचं तोंड समुद्राकडे आहे आणि सूर्य समुद्राच्या बाजूनेच उगवतो. शहराच्या बाजूने फोटो काढला की सकाळी ऊन जोडीच्या पाठीमागे येतं आणि चेहरे काळे दिसतात. म्हणून सूर्य वर येण्याआधीचा मऊ उजेड चांगला, त्या वेळी गर्दीही कमी असते. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. रविवार आणि सणाची सुट्टी टाळावी. 4 डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या आसपास गेटवेवर नौदलाचे कार्यक्रम होत आले आहेत, म्हणून तेव्हाची तारीख धरताना आधी चौकशी करावी. साडी नेसायची, केस बांधायचे तर कुणा नातेवाइकाचं घर किंवा खोली ठरवून ठेवावी. तिथे कपडे बदलायची सोय असेलच असं धरून चालू नये. मुलीबरोबर तिची बहीण किंवा मैत्रीण असावी.

आता पैशाकडे येऊ. समजा, फोटोंसाठी बचत गटातून 30,000 रुपये दरमहा 2 टक्के व्याजाने घेतले. महिन्याचं व्याज झालं 600 रुपये. वर्षभर मुद्दल तसंच राहिलं तर व्याजापोटीच 7,200 रुपये जातात. त्याच कर्जासाठी गटातली दुसरी बाई बी-बियाण्याला किंवा पोराच्या फीला थांबलेली असते. काढायचंच तर जोडीचं मिळून दोन्ही घरांना झेपेल तेवढं ठरवा, आणि खर्च निम्मा-निम्मा करा.

निम्मा-निम्मा का, ते नीट ऐका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन ज्याने फोटो काढून घेतला, तोच त्या फोटोचा पहिला मालक ठरतो. वेगळा करार केला असेल तरच हे बदलतं. म्हणजे सगळे पैसे मुलाकडच्यांनी दिले आणि पावती त्यांच्याच नावाने झाली, तर फोटो आपल्या लेकीचे आणि हक्क सांगणार ते. सोयरीक टिकली तर हा प्रश्न कुणाला पडत नाही. पण साखरपुडा मोडतोही, आणि तेव्हा ते फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत यावर मुलीची झोप उडते.

म्हणून साधा कागद करा. पावतीवर मुलगा आणि मुलगी, दोघांची नावं. एकूण रक्कम किती, आगाऊ किती, फोटो किती आणि कधी मिळणार. पाऊस आला किंवा परवानगी नाकारली तर पैशाचं काय. सगळ्या मूळ फोटोंची प्रत दोघांनाही. दोघांच्या लेखी होकाराशिवाय फोटोग्राफरने एकही फोटो जाहिरातीला किंवा इंटरनेटवर टाकायचा नाही. लग्न मोडलं तर त्याने आपल्याकडचे फोटो काढून टाकायचे. चांगला फोटोग्राफर यावर सही करायला कचरत नाही.

सर्वांत आधी मुलीला एकटीला विचारा, "तुला हे हवंय का?" कोणते कपडे, किती जवळ उभं राहायचं, मांडवात कोणते फोटो दाखवायचे, हे तिने आधी सांगावं आणि जागेवरही नको वाटलं तर नको म्हणावं. "सगळेच असे काढतात" हे उत्तर ऐकून तिने गप्प बसायचं नाही. जो मुलगा आज तिचं नको ऐकतो, त्याच्याविषयी तो फोटोपेक्षा जास्त सांगून जातो.

कुणी फोटोंवरून धमकावलं तर घाबरून मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112 आणि सायबर तक्रारीसाठी 1930 हे नंबर गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा. ज्या घरी यंदा लग्न आहे, तिथल्या आईला आणि मुलीला शेजारी बसवून कागदाचा नमुना एकत्र लिहा.