गाडी उभी, कॅमेरा जागा
चालत्या गाडीत डॅशकॅमला विजेची ददात नसते. अडचण येते ती गाडी उभी राहिल्यावर. रस्त्याकडेला लावलेल्या गाडीचा बंपर कुणीतरी रात्री घासून जातं आणि सकाळी मालकाच्या हाती फक्त ओरखडा उरतो. त्यासाठीच पार्किंग मोड असतो. मात्र रात्रभर जागणाऱ्या कॅमेऱ्याला वीज कुठून द्यायची, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

सोपा मार्ग म्हणजे गाडीचीच बॅटरी. पुढे-मागे दोन्हीकडे पाहणारा कॅमेरा पार्किंग मोडमध्ये साधारण तीन ते सहा वॉट खातो. चार वॉट धरले तर बारा व्होल्टवर जेमतेम एक तृतीयांश अँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चौदा तासांत याचे 4.7 अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीच्या बॅटरीची क्षमताच 35 अँपिअर-तासांच्या आसपास असते.

सेल्फ मारण्यात बॅटरी संपते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात दीडशे अँपिअरचा झटका दोन सेकंद बसला, तरी खर्च होतो 0.08 अँपिअर-तास. म्हणजे त्या एका रात्रीच्या चित्रीकरणाला लागणाऱ्या विजेत पन्नासहून अधिक वेळा सेल्फ मारता येईल. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी गेलेली वीज सावकाश परत घेते. शेवटचा हिस्सा भरायला तर तासन्‌तास लागतात. रोज वीस-पंचवीस मिनिटंच चालणाऱ्या गाडीत ती कधी पूर्ण भरतच नाही. प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो आणि एका सकाळी सेल्फ नुसता ‘टक’ आवाज करतो. कॅमेरा थेट गाडीच्या बॅटरीशी जोडणाऱ्या हार्डवायर किटमध्ये ठरावीक व्होल्टेजला वीज तोडायची सोय असते खरी. पण 12.0 व्होल्टवर ठेवलेली मर्यादा म्हणजे बॅटरी पाव भागावर आल्यावर लागलेला ब्रेक. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती 12.4 वर असलेली बरी. कॅमेरा लवकर झोपेल, पण गाडी सुरू होईल.

म्हणून वेगळा बॅटरी पॅक. यात बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. 12.8 व्होल्ट आणि 6 अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे जवळपास 77 वॉट-तास. चार वॉटच्या कॅमेऱ्याला एकोणीस तास पुरेल इतका साठा. गाडी सुरू असताना तो भरतो, बंद झाल्यावर कॅमेऱ्याला वीज देतो आणि मूळ बॅटरीला हात लावत नाही.

आता पुण्यातलं एक साधं गणित. समजा, गाडी कोथरूडहून शिवाजीनगरला जाते. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी पंचवीस. उरलेले तेवीस तास ती उभी, म्हणजे कॅमेऱ्याला 92 वॉट-तास हवेत. पॅक लायटर सॉकेटला लावला असेल, तर तिथला फ्यूज आणि बारीक वायर सांभाळण्यासाठी चार्जिंग मंद ठेवतात. साडेचार अँपिअरने पन्नास मिनिटांत आत जातात पन्नासेक वॉट-तास. गळती वजा जाता हाती चाळीस-बेचाळीस. गरजेच्या निम्मेसुद्धा नाहीत.

इथे बरेच जण मोठा पॅक घेतात. नळाला अर्धाच तास पाणी येत असेल, तर गच्चीवर दुप्पट टाकी बसवून काय होणार? खरा फरक पडतो तो नळ मोठा केल्याने. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्यूज बॉक्समधून जाड वायर ओढून घेतली आणि पॅक नऊ अँपिअर घेऊ शकत असेल, तर त्याच पन्नास मिनिटांत 85 वॉट-तासांपर्यंत मजल जाते. 92 ची गरज पूर्ण नाही, पण जवळजवळ भागते.

तरीही कर्वे रस्त्यावरच्या गर्दीचा विचार करावाच लागतो. इंजिन नुसतं घरघरत उभं असताना अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डायनॅमो, पूर्ण वीज देत नाही. त्यात जुलैची संध्याकाळ, एसी, वायपर आणि हेडलाइट सुरू. तूट निघाली की पॅकची वीज मूळ बॅटरीतूनच जाते, जिला वाचवायला तो आणला तिच्यातूनच! सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत हे आणखी सहज घडतं. इलेक्ट्रिक गाडीत ही अडचण कमी, कारण तिथे बारा व्होल्टची वीज मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत येते; गाडी उभी असली तरी चालतं.

विदर्भातल्या मे महिन्यात वेगळाच पेच. उन्हात तापलेला पॅक ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग नाकारतो, आणि एसीने तो निवेपर्यंत छोट्या फेरीतली मोलाची मिनिटं निघून जातात. त्याची जागा सीटखाली. डॅशबोर्डवर मुळीच नको.

विजेचा खर्चच कमी करण्याचा उपाय मात्र सगळ्यांत स्वस्त आहे. सोसायटीत वॉचमन आणि सीसीटीव्ही असताना कॅमेऱ्याने रात्रभर कशासाठी जागायचं? घरी पॅकचं बटण बंद आणि ऑफिसबाहेर रस्त्यावर नऊ तास चालू ठेवलं, तर लागतात अवघे 36 वॉट-तास. लायटर सॉकेटचं मंद चार्जिंगही त्याला पुरतं. दुसरा पर्याय म्हणजे धक्का बसल्यावरच जागा होणारा मोड. तो नाममात्र वीज खातो, पण जागं व्हायला एखाद-दोन सेकंद घेतो, आणि ठोकणारी गाडी येतानाचं दृश्य नेमकं त्यात हुकतं. दाटीच्या रस्त्यावर हा सौदा परवडणारा नाही.

रविवारी खडकवासल्याकडे तासभर मोकळी फेरी झाली, तर पॅक बराच भरतो आणि मूळ बॅटरीलाही उभारी येते. केवळ चार्जिंगसाठी पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणं मात्र पेट्रोलचा अपव्यय.

आपलं गणित जमतंय का, हे मेमरी कार्डच सांगतं. कॅमेरा सतत चित्रीकरणाच्या मोडमध्ये असेल, तर सकाळी आदल्या रात्रीची शेवटची फाइल उघडून तिच्यावरची वेळ पाहायची. गाडी सातला लावली आणि चित्रीकरण एकला थांबलं असेल, तर पॅक सहा तास टिकला. म्हणजे चार वॉटच्या हिशेबाने त्यात 24 वॉट-तासच होते. हीच नोंद आठवडाभर ठेवली की वायर बदलायची की वेळापत्रक, ते ठरवता येतं.