पलीकडे कोण आहे?

मुंबईतल्या कंपन्यांची सत्तर-ऐंशीच्या दशकातली पत्रं चाळली की पत्त्याखाली एक ओळ हमखास दिसते: टेलेक्स 011, पुढे काही आकडे, मग कंपनीच्या नावाची काटछाट करून केलेला चार-पाच अक्षरी शब्द आणि शेवटी 'आयएन'. आज 011 म्हटलं की दिल्लीचा फोन आठवतो. टेलेक्सच्या जगात तो मुंबईचा आकडा होता. दिल्लीचा 031, कलकत्त्याचा 021, मद्रासचा 041. पण त्या ओळीत खरं मोल होतं ते काटछाट केलेल्या शब्दाला.

टेलेक्स म्हणजे फोनसारखा नंबर लावून जोडायचा टेलिप्रिंटर. जर्मन टपाल खात्याने 1933 मध्ये तो सुरू केला, आपल्याकडे राष्ट्रीय सेवा आली 1963 मध्ये. नंबर लागला की ऑपरेटर एक कळ दाबायची. तिचा अर्थ, 'आपण कोण?' पलीकडच्या यंत्रातला रूळ फिरायचा. त्या रुळावरचे दाते मोडून त्या यंत्राचं नाव कायमचं कोरलेलं असे. ते नाव, जास्तीत जास्त वीस खुणांचं, आपल्या कागदावर उमटायचं. याला म्हणत आन्सरबॅक. पलीकडच्या कचेरीला कुलूप असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत, यंत्र आपलं नाव सांगायचं. मजकूर संपला की पुन्हा तीच कळ, पुन्हा तेच नाव. दोन्ही नावं जुळली म्हणजे मधला मजकूर त्याच दारात पडला.

पत्र लेखी असतं, पण उशिरा पोचतं. फोन तत्काळ लागतो, पण शब्द हवेत विरतात. टेलेक्सने लेखी आणि तत्काळ यांची गाठ घातली, वर समोरच्याची ओळखही दिली. म्हणून जहाजवाले, बँका, सूत-कापसाचे व्यापारी यांचा त्यावर जीव जडला. लंडनच्या अपील न्यायालयापुढे 1955 मध्ये ॲम्स्टरडॅमहून टेलेक्सने आलेल्या होकाराचा खटला आला. सौदा होता शंभर टन तांब्याचा. होकार जिथे पोचला तिथे, म्हणजे लंडनमध्ये, करार झाला, असं न्यायालयाने ठरवलं. दहा वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा फोनवरच्या सौद्याला लावला. तो सौदा होता आपल्या खामगावच्या एका जिनिंग-तेलगिरणीचा अहमदाबादकरांशी, सरकीच्या पेंडेचा. होकार खामगावातून बोलला गेला, पण ऐकला गेला अहमदाबादेत. म्हणून करार अहमदाबादचा. विदर्भातल्या पेंडेला लंडनच्या टेलेक्सचा दाखला लागावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझी मावशी फोर्टमधल्या एका शिपिंग कचेरीत टेलेक्स ऑपरेटर होती. मॅट्रिक झाल्यावर गिरगावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा क्लास, चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट, मग ही नोकरी. टेलेक्सचं बिल लाइन वापरलेल्या वेळेनुसार होई, म्हणून लाइनवर बसून टाइप करणं परवडत नसे. ती मजकूर आधी कागदी फितीवर भोकं पाडून तयार करायची. एका अक्षराला पाच जागा. कुठे भोक, कुठे कोरं. मग नंबर लावून फीत घातली की यंत्र मिनिटाला चारशे अक्षरांच्या ठरल्या वेगाने ती संपवायचं. चूक झाली तर फीत मागे घेऊन त्या जागी पाचही भोकं पाडायची. तिथे यंत्र काहीच न छापता पुढे जाई. लाइन तपासायला आर-वाय-आर-वाय असं ओळभर पाठवत, कारण या दोन अक्षरांची भोकं नेमकी एकमेकांच्या उलट: एकाची दुसरी-चौथी, दुसऱ्याची पहिली-तिसरी-पाचवी. मावशी फीत उजेडाकडे धरून सरळ वाचायची. निवडलेल्या तांदळासारखी ती बोटांखालून सरकवत न्यायची, आणि चुकीचं अक्षर आलं की बोट थांबायचं.

मराठीला मात्र त्या पाच भोकांत जागा मिळाली नाही. पुढे देवनागरी टेलिप्रिंटर झाले, हिंदीत यूएनआय या वृत्तसंस्थेची 'वार्ता' 1982 मध्ये आणि पीटीआय या वृत्तसंस्थेची 'भाषा' 1986 मध्ये आली. पण मराठी दैनिकांच्या रात्रपाळीत बराच काळ इंग्रजी कागदाचे भेंडोळे यायचे आणि उपसंपादक पहाटेपर्यंत त्यांचं मराठी करायचे. जिल्ह्यातून रोमन अक्षरांत आलेल्या मराठीत 'ळ' नसायचा. माळी, माली आणि मळी एकाच रूपात उभे राहायचे. आपल्या वर्तमानपत्री मराठीतली लांबलचक, कर्मणी वाक्यं त्या रात्रींची देणगी आहेत, असं मला वाटतं. वेळ कमी होता आणि समोरचं वाक्य परक्या घडणीचं होतं.

म्हणून फॅक्स आला तेव्हा वार्ताहरांनी त्याला डोक्यावर घेतलं. हाताने लिहिलेलं मराठी जसंच्या तसं, 'ळ'सकट, पोचू लागलं. मावशीच्या कचेरीतही टेलेक्सच्या जागी फॅक्स बसला. त्याच्या कागदावर माथ्याशी पाठवणाऱ्याचं नाव-नंबर छापून येई, पण ते पाठवणाऱ्याने स्वतःच यंत्रात भरलेलं असे. मोठ्या रकमेचा कागद आला की मावशी तो बाजूला ठेवायची, फोन उचलायची आणि विचारायची, "हा तुम्हीच पाठवलात ना?"