जे. जे.ची यादी आणि अंबादास

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे नामवंत विद्यार्थी कोण, असा प्रश्न आला की यादी ठरलेली असते. दादासाहेब फाळके, धुरंधर, शिल्पकार म्हात्रे व करमरकर. पुढे रझा, गायतोंडे, तय्यब मेहता. ही सारी माणसे मोठीच आहेत. माझा प्रश्न त्यांच्या मोठेपणाविषयी नाही, यादी कशी तयार होते याविषयी आहे.

ही शाळा १८५७ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली. इथल्या कारागिरांच्या हाताला वळण लावावे, असा तिचा प्रारंभीचा हेतू होता. कुंभारकाम, धातुकाम, कोरीवकाम यांसाठी १८९१ साली तिथे लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळाही निघाल्या. पण कीर्ती मिळाली ती मुख्यतः चित्राच्या चौकटीला आणि पुतळ्याला. मडके घडवणारा हात अनामच राहिला. काम करणारा आणि कलावंत यांच्यातली ही भिंत आपल्याला नवी नाही. वर्णव्यवस्थेने ती आधीच बांधून ठेवली होती. साहेबाने तिच्यावर गिलावा चढवला इतकेच.

१८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून बुद्धाच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतल्या कितीतरी लंडनच्या आगीत जळाल्या. पुढे निघालेला ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी तेवढे सहज आठवतात.

पण मला विशेष सांगायचे आहे ते अंबादास खोब्रागडे यांच्याविषयी. जन्म १९२२, अकोला. जे. जे.ची पदविका १९५२. खोब्रागडे हे आडनाव विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. चित्रकलेच्या जगाने मात्र त्यांना नुसते 'अंबादास' म्हणून ओळखले. विणकर सेवा केंद्रात त्यांनी नोकरी केली. स्वामीनाथन प्रभृतींबरोबर ते 'ग्रुप १८९०'चे संस्थापक सभासद होते. त्या गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत भरले आणि त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले.

त्यांच्या चित्रांत माणूस नाही, वस्ती नाही, निळा झेंडा नाही. रंग वाहतो, वळतो, एकमेकांत शिरतो. मग यात आपला अनुभव कुठे आहे, असे आपले काही कार्यकर्ते विचारतील. विचारावे. पण गायतोंड्यांच्या अमूर्त चित्राला त्यांच्या जातीचा अनुभव कोणी मागत नाही. तो अंबादासांकडेच का मागायचा? आपल्या माणसाने आपले दुःखच रंगवावे ही अपेक्षा बाहेरून आली तर तिला आपण दया म्हणतो. ती आपल्यातूनच आली तर तिला काय म्हणावे, हे मला ठरवता आलेले नाही.

१९७२ च्या सुमारास ते नॉर्वेला गेले, आणि २०१२ साली ऑस्लोत वारले. तोवर ते चित्रे काढीत होते. मराठीतल्या आमच्या नियतकालिकांनी त्यांच्यावर किती पाने खर्च केली, ते ज्याने त्याने आपापले जुने अंक काढून पाहावे.