खोडदची दुर्बीण व शेजारधर्म

शिरूर-दौंडच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यांत, खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची सरकारी साहाय्यानें चालणारी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत पसरल्या असून दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात. जवळच्या भ्रमणध्वनीची वा विजेच्या ठिणगीची लहरही त्यांस बुडवून टाकते. म्हणून शास्त्रज्ञांस शेजाऱ्यांचें सहकार्य हवें असतें.

रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञानदिन पाळतात. त्या सुमारास दुर्बिणीचें आवार सर्वांस खुलें होतें. शाळांचीं मुलें आपलीं उपकरणें मांडतात, शास्त्रज्ञ स्वतः शंकानिरसन करितात. पालकहो, मुलांसह अवश्य जा. भ्रमणध्वनी मात्र बंद ठेवा. कारण समजलें म्हणजे नियम जाचत नाहीं.