कान दिसत नाहीत, म्हणून अंडं

आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडे लहान मुलांना एक खूण सांगतात: ज्याचे कान दिसतात ते पिल्लू देतं, ज्याचे दिसत नाहीत ते अंडं. गाय, मांजर, साळिंदर एकीकडे; कोंबडी, सरडा, साप दुसरीकडे. मलाही आजीने हेच सांगितलं होतं. पुढे पुस्तकात प्लॅटिपस भेटला. अंगभर दाट केस, पिलांना दूध, आणि तरी अंडी! मी आधी त्याचे कान शोधले. कानाची पाळी नाहीच, नुसतं भोक. आजीची खूण घोणशीपाशी चुकते, देवमाशापाशीही चुकते. पण या सगळ्यात अवघड प्राण्यापाशी ती बरोबर निघाली, याचा आनंद मला अजून आहे.

1799 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉच्या हाती लंडनमध्ये प्लॅटिपसचं कातडं आलं, तेव्हा बदकाची चोच कुणी शिवून तर बसवली नाही ना, अशी शंका त्याला आली. अंडी की पिल्लं, हा वाद 1884 पर्यंत चालला. त्या वर्षी विल्यम कॉल्डवेलने ऑस्ट्रेलियातून तारेने ‘अंडीच’ असा निकाल कळवला, आणि त्याच वर्षी विल्हेल्म हाकेने ॲडलेडमध्ये प्लॅटिपसच्या नात्यातल्या एकिडनाच्या पिशवीत सापडलेलं अंडं लोकांपुढे ठेवलं.

मल, मूत्र, अंडं यांची वाट एकच, म्हणून या दोघांचा गण एकछिद्री. आज त्यात पाचच जाती आहेत: एक प्लॅटिपस, आखूड चोचीचा एक एकिडना आणि न्यू गिनीतले लांब चोचीचे तीन. यांना स्तनाग्रं नाहीत. दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लू ते तिथेच पितं. ‘अर्धा पक्षी’ हे वर्णन मला मान्य नाही. प्लॅटिपसची चोच मऊ कातडीची आहे आणि पाण्यातल्या भक्ष्याच्या हालचालीतली वीज टिपते. असं कुठल्या बदकाला जमतं? या प्राण्यांची शाखा आपल्या शाखेपासून सुमारे 18-19 कोटी वर्षांपूर्वी फुटली. अंड्याची जुनी रीत त्यांनी राखली, बाकी वाट स्वतःची काढली.

हे कुळ जुळवायचं कशावरून? दातांवरून. गंमत अशी, की मोठ्या प्लॅटिपसला दातच नसतात. ऑस्ट्रेलियात ओपल झालेला सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचा जबडा मिळाला, त्याला 1985 मध्ये स्टेरोपोडॉन हे नाव मिळालं. मग 1992 मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातून 6.1 कोटी वर्षांपूर्वीचा एकछिद्रीचा दात जाहीर झाला. म्हणजे हे प्राणी एकट्या ऑस्ट्रेलियाचे नव्हेत, दक्षिणेच्या जुन्या जोडखंडाचे, गोंडवनाचे!

आणि गोंडवन हे नाव आमच्याच मातीतलं. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉटने सातपुड्याकडच्या खडकांना ते दिलं, भूशास्त्रज्ञ सूसने 1885 मध्ये दक्षिणेच्या अख्ख्या जोडखंडाला. देवगडचं गोंड राज्य याच छिंदवाड्याच्या डोंगरात होतं; तिथल्या बख्त बुलंद शहाने पुढे नागपूर वसवलं.

एकछिद्री प्राण्याचा जीवाश्म मात्र भारतात अजून एकही मिळालेला नाही. तेलंगणातल्या नस्कलला डेक्कनोलेस्टीस नावाचा जुना सस्तन मिळाला, तो आपल्या, म्हणजे पिल्लं देणाऱ्यांच्या बाजूचा. तिथल्याच भारतथेरियम या सस्तनाचं नातं मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेशी जुळतं. मादागास्करमधल्या 16-17 कोटी वर्षांपूर्वीच्या ॲम्बोंड्रोला काही अभ्यासक एकछिद्रींचा भाऊबंद मानतात, काही मानत नाहीत. तेव्हा मादागास्कर भारताला चिकटलेलं होतं, हे मला विसरता येत नाही.

मग आमच्या खडकात काय आहे? ते बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 मध्ये दाखवलं. सौसरभोवतीच्या चर्ट नावाच्या कठीण दगडात पाणवनस्पती दगड होऊन बसल्या आहेत, त्यांत ॲझोलाही. ढोरांना घालायला आज प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वाढवतात, तोच ॲझोला! लाव्हाचा एक थर निवून दुसरा यायच्या मध्ये इथे तळी होती. धुऱ्यावर काढून टाकलेला असा काळसर दगड मी एकदा ओला करून उन्हात धरला, तर आत देठांची बारीक गोल भोकं दिसली, ज्वारीचं धांडं आडवं कापावं तशी.

अशा जुन्या सस्तनांचे दात मिळायचे ते बहुधा या कठीण दगडात नव्हे, त्याच्या शेजारच्या मऊ मातीत. मिलिमीटरभराचे असतात, माती भिजवून बारीक चाळणीतून धुवावी लागते आणि उरलेला गाळ भिंगाखाली निवडावा लागतो. तेव्हा संत्र्याच्या बागेत विहीर खणताना काळ्या खडकाखाली राखाडी, शिंपल्यांची माती लागली, तर सगळी ट्रॉलीत भरून फेकू नका. एक पोतं बाजूला ठेवा, आणि किती हातांवर लागली ते त्यावर लिहा.